रिटर्न भाडं

पन्नास बाईक आहेत. प्रत्येकीच्या टाकीत शंभर किलोमीटर जाईल एवढंच पेट्रोल. वाटेत पंप नाही. या पन्नास बाईक वापरून जास्तीत जास्त किती लांब जाता येईल?

जूनमधल्या एका रविवारी हे कोडं आमच्या घरी आलं आणि चांगलं दहा-बारा दिवस मुक्कामाला राहिलं. लेकाचं इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष, कॅम्पस इंटरव्ह्यू तोंडावर. त्या पोरांमध्ये असल्या कोड्यांची एक पीडीएफ फिरत असते. म्हणे यावरून मुलाची विचार करायची पद्धत कळते. उत्तरं शेवटच्या पानावर छापलेली असताना नेमकी कसली पद्धत कळते, हे मला समजलेलं नाही. असो. मी मेथी निवडत बसले होते, हात गुंतलेले आणि कान मोकळे, म्हणून त्याने मला वाचून दाखवलं.

"पाच हजार," मी म्हटलं. पन्नास गुणिले शंभर. इतकी वर्षं पगारपत्रकं करण्यात गेल्यावर गुणाकार जिभेवरच असतो.

"आई, दुसरी बाईक शंभर किलोमीटरवर तुझी वाट बघत उभी असेल का? ती पण इथूनच निघणार. आणि चालली की पेट्रोल पिणार."

"मग शंभर."

"पन्नास टाक्या असून शंभर?"

झालं. पाच हजार जास्त आणि शंभर कमी. मेथी राहिली बाजूला.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून वाशी लोकल पकडली आणि उभ्या उभ्या डोक्यात मांडणी सुरू केली. पन्नास सोडून द्यायच्या, आधी दोनच बाईक घ्यायच्या. दोघी बरोबर निघाल्या. पन्नास किलोमीटरवर दोघींच्या टाक्या अर्ध्या. इथे एकीने आपलं सगळं पेट्रोल दुसरीत ओतायचं आणि थांबायचं. दुसरीची टाकी पुन्हा काठोकाठ, आणखी शंभर किलोमीटर. एकूण १५०. पन्नासच्या आधी ओतायला गेलं तर समोरच्या टाकीत जागा नाही. पन्नासनंतर ओतलं तर जे काम एक इंजिन करू शकलं असतं त्याला दोन इंजिनं जळत राहिली. म्हणजे थांबायची वेळ एकच, तिच्या अलीकडे नाही की पलीकडे नाही: थांबणाऱ्याकडे उरलेलं पेट्रोल बाकीच्यांच्या रिकाम्या जागेत नेमकं मावेल तेव्हा.

तीन बाईक घेतल्या. ३३ किलोमीटर आणि वर एक तृतीयांश गेल्यावर तिघींकडे दोन-दोन तृतीयांश टाकी. एक थांबली, तिचे दोन तृतीयांश बाकी दोघींत एक-एक तृतीयांश वाटले, दोघी भरल्या. पुढचं मघाचंच गणित. एकूण १८३ आणि एक तृतीयांश. इथवर आले आणि बाहेर पाहिलं तर ऐरोली मागे पडलेली. रबाळ्याला उतरून उलटी गाडी पकडली. त्या दिवशी मस्टरवर लाल शेरा पडला, तो याच कोड्यापायी.

एकदा कळलं की पन्नासचं अवघड नाही. दोन किलोमीटर गेल्यावर प्रत्येकीकडे ९८ किलोमीटरचं पेट्रोल. एकीने थांबायचं आणि आपले ९८ उरलेल्या ४९ जणींना दोन-दोन वाटायचे. सगळ्या पुन्हा भरलेल्या. मग ४९ जणींनी शंभर भागिले ४९, म्हणजे दोनहून जरा जास्त किलोमीटर जायचं, परत एकीने थांबायचं. असं करत शेवटची एकटी उरते, ती शंभर जाते. एक अधिक एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, असं पन्नासाव्यापर्यंत, आणि त्या सगळ्याला गुणिले शंभर. बेरीज ४४९.९२. साडेचारशेला ऐंशी मीटर कमी!

आता हे ठाणे स्टेशनाहून निघून पुण्याकडे जायचं म्हटलं तर पहिला गडी कळवा नाक्यावरच बाद. अजून धड खाडी ओलांडल्याचा वाससुद्धा नाकातून गेलेला नाही आणि तुझं काम संपलं. पनवेल येईतो पंधराएक गळालेले. शेवटचा कोल्हापूर, निपाणी मागे टाकून बेळगावच्या अलीकडे कुठेतरी कोरडी टाकी घेऊन उभा. यात मला चुटपुट लागली ती वाटणीची. या साडेचारशेपैकी शेवटच्या दहा बाईकनी जवळजवळ २९३ किलोमीटर काढले, आणि आधीच्या चाळीस जणींनी मिळून १५७. एक्कावन्नावी बाईक आणली तर भर पडणार दोन किलोमीटरचीही नाही. चारशे किलोमीटरला ३१ बाईक पुरतात, पाचशेला ८३ लागतात आणि हजाराला १२,३६७. तरीही ही बेरीज कुठे अडत नाही, बाईक आणत राहिलात तर वाटेल तेवढं अंतर गाठता येतं. हे चौदाव्या शतकात ओरेम नावाच्या फ्रेंच पाद्र्याने दाखवून दिलं. त्याची युक्ती इतकी साधी आहे की चिडायला होतं. एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश मिळून अर्ध्याहून जास्त. पाचव्यापासून आठव्यापर्यंतचे चार मिळूनही अर्ध्याहून जास्त. नवव्यापासून सोळाव्यापर्यंतचे आठही तसेच. अर्धे मिळतच राहतात, फक्त प्रत्येक अर्ध्यासाठी आधीच्या दुप्पट माणसं उभी करावी लागतात.

पुढच्या रविवारी कळव्याला मामाकडे गेलो. मामाचा टेम्पो होता, ४०७. वागळे इस्टेटमध्ये सोळा नंबर रोडला उभा असायचा. इस्टेटमधल्या कारखान्यांचा माल भिवंडी, वापी, नाशिक असा सगळीकडे नेला त्याने. आता टेम्पो विकून झाली कित्येक वर्षं, गुडघे गेलेत, पण रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या आवाजावरून ती भरलेली की खाली हे अजून सांगतो. लेकाने त्याला कोडं घातलं.

मामाने पहिला तोडगा लगेच दिला. "पन्नास बाईक माझ्या टेम्पोत नसत्या मावल्या. पण ट्रेलरवर टाक आणि ने की."

"आजोबा, ट्रेलर नाहीये."

"मग पन्नास बाईक आणल्या कशाला?"

लेकाने खरं उत्तर समजावून सांगितलं. मामाने ते शांतपणे ऐकलं. दोन किलोमीटरची वाटणी त्याला आवडली, हे कळत होतं, कारण त्याने मान हलवली नाही, फक्त डोळे बारीक केले. मग दुसरी हरकत निघाली. "टाकी पार सुकवायची म्हणतोस? पेट्रोलची गाडी असेल तर ठीक. डिझेलची असली तर एअर पकडेल. मग भर कितीही, चालू व्हायची नाही." आणि तिसरी, पाण्याचा तांब्या खाली ठेवता ठेवता: "ते जाऊ दे. येताना काय?"

"येताना म्हणजे?"

"तो बेळगावला गेला. आला कसा?"

लेक हसला. "यायचं विचारलेलंच नाही."

"मग कोडं घालणाऱ्याच्या घरी कुणी गाडीवर नसणार," मामा म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

बाकीच्यांना हे उत्तर तुसडं वाटलं असेल. मला घोटी आठवलं.

१९९० च्या मे महिन्यातली गोष्ट. मी दहा वर्षांची. मामा नाशिकला माल घेऊन निघाला होता आणि मी हट्टाने केबिनमध्ये बसले होते, मामा आणि क्लीनरच्या मधे, इंजिनच्या गरम झाकणाला पाय लागू नये म्हणून मांडी घालून. नाशिकला माल दुपारी उतरला. मला वाटलं, झालं, आता घरी. पण टेम्पोवाल्याचा दिवस माल उतरल्यावर सुरू होतो, हे मला तेव्हा कळलं. जातानाच्या भाड्यात डिझेल, जकात, क्लीनर आणि गाडीचा हप्ता. घरी न्यायचे पैसे येतानाच्या भाड्यात. खाली गाडी आणली तर डिझेल तेवढंच जळतं, मिळत काही नाही. म्हणून मामा ट्रान्सपोर्टवाल्यांच्या दारात उभा राहिला, दुपारचा संध्याकाळपर्यंत. मी सीटवर झोपले, उठले, पुन्हा झोपले. त्याने मला उसाचा रस पाजला, स्वतः नाही घेतला. शेवटी रात्री आठला कांद्याचं भाडं मिळालं, मुंबईच्या बाजारात टाकायचं. कमी पैशात, पण मिळालं.

घोळ असा झाला की त्याच्या डोक्यातलं डिझेल खाली गाडीच्या हिशेबाने होतं. भरलेली गाडी तेवढा ॲव्हरेज देत नाही. घोटीच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि बंद. काळोख, आग्रा रोडवरून जाणाऱ्या ट्रकचे दिवे आणि मागून येणारा कांद्याचा वास. तासाभराने एक टेम्पोवाला थांबला. त्याने नळी टाकली, तोंडाने ओढली, थुंकला, शिव्या दिल्या आणि आपल्या टाकीतलं पाचेक लिटर आमच्या डब्यात सोडलं. नळी काढताना बरंच रस्त्यावर सांडलं. पैसे किती, यावर थोडी घासाघीस झाली आणि मामाने त्याला पैशांऐवजी कांद्याची एक गोण दिली. गोण अर्थात मामाची नव्हती. मग नट ढिला करून, हाताने पंप मारून एअर काढायचा कार्यक्रम. क्लीनर पंप मारतोय, मामा तोंडात बॅटरी धरून खाली वाकलाय, बुडबुडे येताहेत, बुडबुडे थांबत नाहीत. पहाट झाली तेव्हा इंजिन धरलं. बाजारात एक गोण कमी भरली. तिची किंमत भाड्यातून कापली.

कोड्यात पेट्रोल एका टाकीतून दुसरीत जाताना एक थेंब सांडत नाही. कुणाच्या तोंडात जात नाही. त्याचे पैसे पडत नाहीत.

तर मामाचं "येताना काय" मी घरी घेऊन आले आणि रात्री या कोड्याच्या खानदानात जरा डोकावले. फार जुनं घराणं निघालं. शार्लमेन राजाच्या पदरी असलेल्या अल्क्विन या इंग्रज विद्वानाच्या नावावर लॅटिन कोड्यांचा एक संग्रह आहे. अल्क्विन वारला ८०४ साली. त्यात एका घरधन्याला ९० मापं धान्य एका घरातून तीस कोसांवरच्या दुसऱ्या घरी न्यायचं आहे. उंट एकच, एका खेपेला ३० मापं उचलतो आणि कोसाला एक माप खातो. धान्य जास्तीत जास्त किती पोचेल? संग्रहातलं उत्तर: वीस कोसांवर एक मुक्काम करायचा, प्रत्येक खेपेला उंट वीस खाणार आणि तिथे दहा पोचणार, तीन खेपांत तीस. ती घेऊन उरलेले दहा कोस. पोचली २०.

हे उत्तर चुकीचं आहे, २५ पोचवता येतात. दहा कोसांवर पहिला मुक्काम: तीन खेपांत ३० खाल्ली, ६० उरली. पुढे पंधरा कोसांवर दुसरा: दोन खेपांत ३० खाल्ली, ३० उरली. शेवटच्या पाच कोसांना पाच. पण मी अडकले ती दुसऱ्याच जागी. दोन्ही उत्तरांत उंट पुढची खेप आणायला मागे येतो तेव्हा काही खात नाही! पाठीवर ओझं असेल तर जेवण, खाली असेल तर उपास. बाराशे वर्षांपूर्वीचा कोडं घालणारासुद्धा येताना काय हे विचारायला विसरला. किंवा त्याच्या घरीही कुणी गाडीवर नव्हतं. आणि गंमत म्हणजे, येणं असं फुकटात काढलं की उंटाचं कोडं आणि बाईकचं कोडं एकच होतं: तीस भागिले तीन, तीस भागिले दोन. तोच जिना.

येण्याचा हिशेब धरला १९४७ मध्ये. महायुद्ध नुकतंच संपलेलं, त्यामुळे उंट जाऊन जीप आली. फाइन नावाच्या गणितज्ञाने अमेरिकेतल्या गणिताच्या मासिकात ते कोडं सोडवलं. एकच जीप आहे, ती वाळवंटात डबे ठेवून मागे येते, पुन्हा भरून पुढे जाते, आणि मागे येतानाही पेट्रोल पिते. त्यामुळे बेरीज बदलते: एक, अधिक एक तृतीयांश, अधिक एक पंचमांश, पुढे एक सप्तमांश. सम आकडे गळाले. का, ते सरळ आहे. दोनदा पुढे जायचं तर मधे एकदा मागे यावं लागतं, म्हणजे तोच रस्ता तीनदा. तीनदा पुढे तर दोनदा मागे, म्हणजे पाचदा. त्या गळालेल्या सम आकड्यांमध्ये सगळ्या खाली फेऱ्या आहेत. मामाला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, एवढं शिकून आता कळलं का?

मग मी आमच्याच पन्नास बाईक घेतल्या आणि नियम वाढवला: सगळ्यांनी घरी परत यायचं. थांबलेल्याला वाटेत वाट बघत उभं राहायला परवानगी.

मला वाटलं होतं की आता अंतराचं पार वाटोळं होणार. तसं झालं नाही. पन्नास जण निघाले. दोनऐवजी एकच किलोमीटरवर पहिल्याने थांबायचं, म्हणजे कळव्याच्या खाडीपुलावर. त्याच्याकडे ९९ किलोमीटरचं पेट्रोल. बाकी ४९ जणांना एक-एक किलोमीटरचं वाटलं, उरलं ५०. ते सांभाळून तिथेच उभं राहायचं. बाकीचे जातील, त्यांच्यातलेही असेच टप्प्याटप्प्याने थांबतील, आणि अखेर सगळे ४९ जण कोरड्या टाकीने पुलावर परत येतील. त्यांना प्रत्येकी एक किलोमीटरचं द्यायचं, ४९ झाले. एक स्वतःसाठी. पन्नास. सगळे घरी, टाक्या रिकाम्या, थेंब वाया नाही.

मी तीनदा तपासलं. पुढच्या थांब्यावरही थांबणाऱ्याजवळ पन्नासच उरतात, त्याच्या पुढच्यावरही पन्नासच. कितव्याही जागी थांबा, अर्धी टाकी हातात. सगळ्यात लांब जाणारा २२५ किलोमीटरच्या किंचित अलीकडून वळतो, खंबाटकी घाटाच्या आसपासहून. पण त्याचं जाणं अधिक येणं केलं तर? ४४९.९२. तोच आकडा, ऐंशी मीटरच्या फरकासकट. बेळगावच्या अलीकडे एकट्याने उभं राहायचं, की खंबाटकीवरून वळून पन्नास जणांनी रात्री घरी जेवायचं, पेट्रोल दोन्हीला सारखंच लागतं.

लेकाला दाखवलं. त्याने कागद दोनदा उलटासुलटा केला आणि म्हणाला, असं खरंच केलंय, विमानांनी. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिशांना असेन्शन बेटावरून सहा हजारांहून जास्त किलोमीटरवर बॉम्बहल्ला करायचा होता. एक व्हल्कन बॉम्बर जाऊन परत यावा म्हणून अकरा व्हिक्टर टँकर विमानं उडवली. टँकर बॉम्बरला इंधन देत होते, टँकर टँकरलाही देत होते आणि रिकामे होऊन वळत होते. शेवटच्या टँकरला ठरल्यापेक्षा जास्त द्यावं लागलं आणि त्याला स्वतःलाच घरी पोचण्यापुरतं उरलं नाही, त्याच्यासाठी दुसरा टँकर पाठवावा लागला. जवळजवळ सोळा तासांची फेरी. एकवीस बॉम्ब टाकले, धावपट्टीवर पडला एक. "पण विमान थांबून वाट बघू शकत नाही," लेक म्हणाला, "तुझी बाईक बघू शकते."

तेवढ्यावरून मला वाट बघण्याचा हिशेब करावासा वाटला. ही माझी नोकरीतली खोड, तास दिसले की बेरीज करते. ताशी चाळीसचा वेग धरला. सगळ्या पन्नास बाईकचं मिळून चालणं पाच हजार किलोमीटर (माझं पहिलं उत्तर अगदीच टाकाऊ नव्हतं), म्हणजे १२५ तास. आणि सगळ्यांचं मिळून उभं राहणं ४३७ तास. चालण्याच्या साडेतीनपट. एकट्या खाडीपुलावरच्याच्या वाट्याला अकरा तासांहून जास्त.

हे घेऊन पुन्हा कळव्याला गेले. मामाला कागद दिला, त्याने चष्मा लावला, काढला आणि मलाच वाचायला लावलं. एकशेपंचवीसला काही बोलला नाही. चारशे सदतीस ऐकल्यावर म्हणाला, "बरोबर आहे."

"काय बरोबर?"

"एवढंच पडतं. माझं पण एवढंच निघालं असतं. लोक म्हणायचे गाडी चालवतो." गुडघा चोळत तो जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसला. बाहेरून काहीतरी भरलेलं गेलं. "आणि हॉल्टिंग, थांबल्याचे पैसे, कोण देणार त्याचं? पार्टी देत नाही. म्हणतात लावून देतो, देत नाही कुणी."

मी म्हटलं, कोड्यात हॉल्टिंग नसतं.

"त्या पहिल्याला कुठे थांबवलंस म्हणालीस?"

"खाडीपुलावर."

"पुलावर नको, तिथे पोलीस उभं राहू देत नाही. जरा अलीकडे घे म्हणावं, स्टेशनच्या बाजूला. चहाची गाडी असते तिथे."

मी म्हटलं, मामा, अलीकडे घेतलं तर गणित चुकतं.

"किती?"

मी मोजायला बसले.